किनारा नसलेलं पाणी

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गात पाण्याचा धडा येतो. महासागर, समुद्र, उपसागर, नदी, सरोवर, तळं, झरा. मी मुरुम गावातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. समोर बसलेल्या पोरापोरींपैकी समुद्र पाहिलेली बोटावर मोजण्याइतकी. मी स्वतः तो पाहिला नोकरी लागल्यावर, शाळेच्या सहलीत, पोरांवर ओरडत ओरडत. त्यामुळे पहिल्यांदा समुद्र बघून मनात काय आलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर एवढंच की, सगळे आहेत का ते मोजा, हे आलं.

माझा खरा विद्यार्थी वर्गात नव्हताच. तो माझा धाकटा भाऊ. दहावीनंतर त्यानं पुस्तकांना रामराम ठोकला आणि शेत धरलं. शेत आणि शेतातलंच घर मुरुमपासून स्कूटीवर वीस मिनिटांवर. रविवारी मी माहेरी गेले की चहा पुढं यायच्या आत त्याचा प्रश्न यायचा, "अक्का, ह्या हप्त्यात काय शिकवलीस?" शाळेत असताना ज्याला भूगोलाच्या तासाला डुलकी लागायची, त्याला शेतात गेल्यावर भूगोलाचं वेड लागलं. मी त्याला म्हणायचे, हीच अक्कल तेव्हा आली असती तर आज तू माझ्या जागी असतास. तो म्हणायचा, "मग शेत तू केली असतीस व्हय? चार दिसांत जमीन पडीक पडली असती."

समुद्र कसा झाला, हे मी त्याला बांधावर बसून सांगितलं. पृथ्वी आधी तापलेली होती, पाण्याची वाफ वरच्या वर राहायची. पुढं ती थंड होत गेली, वाफेचं पाणी झालं आणि पाऊस लागला. लाखो वर्षं लागला. जिथं जिथं खोलगट होतं तिथं पाणी साठत गेलं.

"लाखो वर्षं पाऊस?" तो तुरीकडं बघत म्हणाला. "आन् आपल्याकडं चार दिस नीट पडंना. हिशोब कुठंतरी चुकला बघ."

त्याची सगळी समज खड्ड्यापासून सुरू व्हायची. खड्डा आधी, पाणी मग. जमीन खचून खड्डा झाला तरी सरोवर, आकाशातून दगड पडून झाला तरी सरोवर. लोणारचं ऐकून तो दोन दिवस खूश होता. झरा त्याला सांगावा लागला नाही; आमच्या विहिरीत उत्तरेच्या अंगाला तो होता, आणि मुरलेलं पाणी खालच्या खडकाला अडतं आणि फट सापडेल तिथून बाहेर येतं, हे त्यानंच मला दाखवलं. पण त्याला सगळ्यांत आवडलं ते नालाकृती सरोवर. नदी वळणं घेत वाहते, पुढं कधीतरी महापुरात वळणाची मान कापून सरळ निघून जाते आणि जुनं वळण पाणी धरून मागंच राहतं. मी हे काडीनं मातीत काढून दाखवलं. तो बराच वेळ त्या रेघांकडं बघत बसला.

"मागं राहिलेल्या पाण्याचं मग काय व्हतंय?"

"हळूहळू गाळ भरतो. आटतं."

"लई वाईट," असं म्हणून त्यानं पायानं ती रेघ पुसून टाकली.

एकदा सहलीहून येताना मी त्याच्यासाठी पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून आणला. त्यानं बोट बुडवून चाखला, तोंड वाकडं केलं, आईला चाखवला, बायकोला चाखवला. मग म्हणाला, आपल्या बेनीतुरा नदीचं पाणी शेवटी इथंच जातं ना? मी म्हटलं, नाही रे बाबा, हा पश्चिमेचा. हा आपल्याला जवळ आहे, पण आपलं पाणी उलटं वाहत पूर्वेच्या समुद्राला मिळतं. तेव्हा त्याला आपल्या पाण्याचा फार राग आला. जवळचं सोडून लांबच्याकडं जाणारं असलं कसलं पाणी, म्हणाला. तुला पूर्वेचाही दाखवेन, पश्चिमेचाही दाखवेन, असं मी कबूल केलं होतं. दर वर्षी तूर तरी निघायची राहायची, नाहीतर माझी परीक्षेची कामं तरी. राहून गेलं, हे दोन शब्द आपण किती सहज वापरतो.

मग त्यानं शेततळं केलं.

पोकलेन आणलं, आधी काळी माती काढली, मग मुरूम, आणि चारी बाजूंना त्याचाच उंच बांध घातला. आत जाड काळं प्लास्टिक अंथरलं. इकडं त्याला सगळे कागदच म्हणतात. पावसाळ्यात विहीर तुडुंब झाली की मोटर लावून ते पाणी तळ्यात घ्यायचं आणि उन्हाळ्यात पिकाला द्यायचं. पहिल्यांदा ते भरलं तेव्हा त्यानं मला फोन करून बोलावून घेतलं. बांधावर उभा राहिला, छाती पुढं काढून, जणू बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव यानंच एकट्यानं खांदला होता.

"आता सांग. तुझ्या फळ्यावर हे कुठं लिवणार?"

"कुठंच नाही. हे काय जलाशय आहे का? जमिनीशी याचा संबंध नाही, झऱ्याशी नाही, ओढ्याशी नाही. ही मोठी बादली आहे."

मी हसून म्हटलं होतं. त्याला लागलं. माझी जीभ अशीच आहे. शाळेत पोरं घाबरतात, घरी माणसं दुखावतात. तो घरात गेला आणि येताना ती समुद्राची बाटली घेऊन आला. वर्षभर देवळीत ठेवली होती. बूच काढून त्यानं ती तळ्यात ओतली.

"आता झाला संबंध. समुद्र हाय ह्यात."

"अरे, खारं पाणी आहे ते!"

"बाटलीभरानं काय व्हतंय? तू लिव म्हंजे झालं."

मी लिहिलं नाही. पुस्तकात नव्हतं.

आता मला जे सांगायचं आहे ते पुस्तकात नाही म्हणूनच सांगते. पुस्तकातल्या प्रत्येक पाण्याला किनारा असतो. समुद्राला वाळू असते, नदीला काठ असतो, तलावात गुरं चालत उतरतात आणि चालत वर येतात. विहिरीला सरळ भिंत असली तरी तिच्या दगडांत बोटं रुतवायला सांधी असतात. शेततळ्याला किनारा नसतो. उतार असतो आणि उतारावर कागद असतो, कागदावर शेवाळ. आत गेलेला माणूस काठापासून हातभर अंतरावर असतो आणि त्याला काठ नसतो. म्हणून बांधावरच्या खुंटाला गाठी मारलेला दोर बांधून तो आत सोडून ठेवतात. त्यानंही ठेवला होता. पण आमच्याकडचे सगळे विहिरीत पोहायला शिकलेले. पोहता येणारा बुडत नाही, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दोर पोरांसाठी, असंच तो म्हणायचा.

येळवस आली. वेळ अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. मुरुमच्या बाजारपेठेत त्या दिवशी कुत्रं दिसत नाही. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, बांधायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजायचे, पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. मोठी गोष्ट ही की त्या दिवशी कुणालाही हाक मारायची. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो, नसो, वैरी असो, "ओ, या जेवायला!" म्हणून बांधावरून आरोळी द्यायची. ज्याच्या कोपीत जास्त पाहुणे तो मोठा. या शेतातून त्या शेतात दिवसभर हाका जात येत असतात.

मी शाळेतल्या दहाबारा जणांना बोलावलं होतं. भावाला सांगितलं, कोप मोठी बांध, माझी लाज ठेव. त्यानं खरंच कौलारू घराएवढी बांधली. सुतळी संपली तेव्हा तळ्याचा दोर सोडून आणला आणि त्यानं माथा आवळला. मी तिथंच उभी होते. मला तो दोर ओळखू आला, आणि मला काहीच वाटलं नाही.

पूजा झाली. भावजय दोन्ही पोरांना घेऊन आंबील शिंपडायला पार पलीकडच्या टोकाला गेली. आई कोपीत पांडवांजवळ बसली. तिला ऐकू कमी येतं. भाऊ घागर घेऊन उठला. पाहुण्यांना हात धुवायला पाणी हवं होतं. विहीर जवळ होती, पण तो गेला तळ्याकडं.

"आज समुद्राच्या पाण्यानं हात धुतील तुझे मास्तर लोक," जाता जाता म्हणाला.

मी कोपीपुढं पत्रावळ्या मांडत होते. तेव्हा हाक आली. तळ्याच्या बाजूनं, "ओ…" म्हणून लांब. तळ्याच्या पलीकडूनच रस्ता जातो. मला वाटलं, कुणीतरी जाणारा दिसला, बोलावतोय जेवायला. मला कौतुक वाटलं. मी आणखी एक पत्रावळ मांडली. मग दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा आखूड. मी मान वर न करता ओरडले, "ये की घेऊन त्यांला!" आणि अजून एक पत्रावळ मांडली.

माझे लोक आले, चपला काढून बसले. भावजय परत आली. तिनं विचारलं, हे कुठं हायत? मी म्हटलं, येईल, पाहुणे घेऊन येतोय. तिनं थोडी वाट बघितली, मग ती तळ्यावर गेली.

घागर पाण्यावर तरंगत होती. एका बाजूच्या शेवाळावर बोटांच्या रेघा उमटल्या होत्या, वर आलेल्या आणि खाली गेलेल्या. पट्टीचा पोहणारा होता माझा भाऊ. माणसांनी त्याला वर काढायला कोपीचा माथा सोडून तोच दोर नेला.

पुढचं मला सलग आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही.

भावजयीनं शेत सोडलं नाही. माहेरचे न्यायला आले तर त्यांना जेवू घालून परत पाठवलं. तळं बुजवा, असं सगळे म्हणाले; ती म्हणाली, पिकाला काय पाजू? तिनं तळ्याभोवती तारेचं कुंपण केलं, चारी बाजूंनी चार दोर सोडले. दर रविवारी मी जायचे. काम करता करता ती नवऱ्याला शिव्या द्यायची, त्यालाच समोर धरून बोलल्यासारखी. दोर सोडायची अवदसा कुठून आठवली तुम्हांला, विहीर काय आटली होती का. मी ऐकत राहायचे. मोठी कोप मी मागितली होती, हे तिला ठाऊक होतं. त्याबद्दल तिनं कधी एक शब्द काढला नाही.

पण एक गोष्ट ती शिव्यांच्या सुरात बोलायची नाही. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, मधेच हात थांबायचा.

"वन्सं, एक हाक न्हाय मारली वो त्यांनी. चप्पल सापडंना तर मला हाक मारणारा मानूस. मोटर चालू झाली तर हाक, बंद पडली तर हाक. आन् त्या दिशी मुकाच गेला. म्या काय लई लांब व्हते का? धावत आले असते. मी आठवलेच न्हाय व्हय त्यांला?"

मी म्हणायचे, वेळ मिळाला नसेल गं. हे मी दोन वर्षं म्हटलं. एका शब्दानं तिचा तो सल निघाला असता, आणि तो शब्द फक्त माझ्याकडं होता. पण तो बोलले की पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही काय केलंत? म्हणून मी गप्प बसले. वर्गात पोरं खोटं बोलली तर मी त्यांना बाकावर उभं करते.

या वर्षी पुन्हा धडा आला. पाण्याच्या साठ्यांची पाच नावं लिहा, असं सांगून मी वह्या गोळा केल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सहा लिहिली होती. सहावं, शेततळे. पुढं कंसात, आमच्या शेतात आहे. माझा लाल पेन सवयीनं खोडायला खाली आला आणि थांबला. मी बरोबरची खूण केली. मग फळ्याकडं गेले, यादीखाली शेततळे लिहिलं. खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं. हे कसं तयार होतं ते सांगायला वळले, "खड्डा आधी" म्हणाले आणि खडूचे तुकडे उचलायला वाकले. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी त्यांना चित्रं काढा म्हणून सांगितलं आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले.

शाळा सुटल्यावर घरी न जाता तशीच शेतावर गेले. भावजय तळ्याच्या बांधावर होती, दोरांच्या गाठी तपासत. मी चप्पलही काढली नाही, बसलेही नाही.

"त्यानं हाक मारली होती," मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

"मी ऐकली. मला वाटलं, कुणाला तरी जेवायला बोलावतोय. मी गेले नाही. ये घेऊन त्यांना, म्हणून ओरडले आणि पत्रावळ्या मांडत बसले."

मी वाट बघत होते की ती ओरडेल, अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"काय म्हणाले?"

"नुसतं ओ."

"किती बार?"

"दोनदा."

"दोनदा," ती म्हणाली. तिनं पाण्याकडं बघितलं. "म्हंजे बोलावलं व्हतं की मग."

आणि ती रडली. त्याच्या चितेपुढं ती रडली नव्हती, तेराव्याला रडली नव्हती. बांधावर बसून पदर तोंडात धरून ती रडली, आणि मी हात पुढं केला तर तिनं तो हळूच बाजूला केला. झिडकारला नाही, बाजूला केला. डोळे पुसून झाल्यावर उठली आणि म्हणाली, "जावा आता वन्सं. रस्ता खराब हाय, अंधार व्हईल."

त्यानंतरच्या रविवारी मी गेले नाही. तिनंही, का आला नाहीत, म्हणून विचारलं नाही.

परवा येळवस झाली. पहिलं वर्ष वर्षश्राद्धात गेलं होतं; या वर्षी पोरांसाठी तिनं कोप उभी केली. मला हे शेजारणीकडून कळलं. सकाळपासून मी तयार होऊन बसले होते, नवीन पातळ नेसून, फोन मांडीवर ठेवून. गल्लीतल्या घरांना कुलपं लागत गेली. बारा वाजून गेले तेव्हा राहवलं नाही, स्कूटी काढली. वाटेत चार शेतांतून मला हाका आल्या, मॅडम, या जेवायला. हात जोडून पुढं गेले.

आमच्या तळ्याच्या कडेला रस्त्यावर गाडी लावून उभी राहिले. कोप दिसत होती, मापाची, लहानशी. धूर निघत होता. भावजय बांधावर उभी होती, तो उभा राहायचा तिथंच, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होती. मोटारसायकलवरचे दोघे थांबले, आत गेले. मागून ऊसतोड कामगारांची गाडी आली, तिनं त्यांनाही बोलावलं, लेकरांसकट. मग तिची नजर माझ्यावर आली. उन्हासाठी तिनं कपाळाशी हात धरला आणि बघितलं. माझ्यात आणि तिच्यात ते तळं होतं, भरलेलं, चारी बाजूंनी दोर सोडलेलं.

माहेरच्या शेतात जायला हाक कशाला लागते, असं कुणीही म्हणेल. पण त्या दिवशी हाकेशिवाय कुणी कुणाच्या कोपीत जात नाही. मी उभी राहिले. तिनं हात खाली घेतला आणि ती पाहुण्यांना वाढायला कोपीत गेली.

मी बराच वेळ थांबले होते, कान देऊन. नुसतं ओ म्हणाली असती तरी पहिल्याच हाकेला धावत गेले असते मी.